चितरीची पिल्लं : करावे गावातल्या परसात एक हिवाळा

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. विधानसभेचा निकाल लागत होता आणि नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावात दुपारपासून फटाके वाजत होते. परसातल्या कोंबड्या बावचळून पेरूच्या झाडामागे जाऊन दडल्या. चितरी मात्र खुराड्यातल्या टोपलीतून हलली नाही. मी हात पुढे केला तर तिनं पिसं फुलवली, घशातून खर्रर्र केलं आणि बोटाला टोचलं. सासूबाई मागून म्हणाल्या, “खुडूक झाली ती. बसव तिला आता.” खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसायच्या तयारीतली.

लग्नाआधी मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. इथे आल्यापासून चार वर्षांत कोंबड्यांचं दाणापाणी शिकले, पण पिल्लं काढणं हे सासूबाईंचं काम. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखत होते. “तूच कर, मी ओट्यावर बसून सांगते,” असं त्यांनी ठरवून टाकलं. मी माहिती शोधायला घेतली तर इनक्यूबेटरबद्दल आणि हजार पक्ष्यांच्या शेडबद्दल पुष्कळ मिळालं. परसात आधीच पाच-सहा मोठ्या कोंबड्या असताना त्यांच्यात पिल्लं कशी वाढवायची, हे मात्र नीट कुठे सापडलं नाही. म्हणून तारखांसकट लिहितेय.

आमच्याकडे तेव्हा एक कोंबडा आणि पाच कोंबड्या होत्या. चितरी, तांबडी आणि काळी या गावठी, आणि दोन गिरिराज. गिरिराज ही बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली जात, अंगानं गावठीपेक्षा बरीच मोठी. त्यातली थोरली सगळ्यांवर हुकूम चालवायची. ती पुढे मला फार जड गेली.

२४ तारखेला रात्री चितरीला बसवलं. आठवड्याच्या आतली अकरा अंडी जमवली होती, टोक खाली करून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवलेली. फ्रीजमधलं एकही घेतलं नाही. अकराच का, तर सासूबाई विषम आकडाच ठेवतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली काढली, आणि हे जरूर करा. खुडूक कोंबडीच्या टोपलीत बाकीच्या कोंबड्याही अंडी घालून जातात. खुणा नसतील तर कुठलं अंडं कोणत्या दिवसाचं ते कळत नाही आणि पिल्लं मागेपुढे निघतात. मग आई पहिल्या पिल्लांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी गार पडतात.

टोपलीत तळाला चुलीतली चाळलेली राख, वर भाताचा पेंढा. राखेनं पिसवांचा त्रास कमी होतो. जागा बदलायची ती अंधार पडल्यावरच. दिवसा हलवलं की कोंबडी उठून जुन्या जागी जाऊन बसते.

जागेवरून आमच्यात थोडं बोलणं झालं. मला वाटत होतं, तिला शांतता मिळावी म्हणून पडवीत ठेवावं. सासूबाई नको म्हणाल्या. “तिकडं नेलीस तर महिन्यानं परत आणशील तवा बाकीच्या तिला वळखणार नाहीत.” तेव्हा ते मला फारसं पटलं नव्हतं, पण खुराड्यातलाच एक कोपरा जाळीनं वेगळा केला. चितरी आत, बाकीच्या बाहेर, मध्ये फक्त जाळी. पुढचं सगळं निभावलं ते या जाळीमुळे, हे मला जानेवारीत कळलं.

अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. त्या काळात माझं काम थोडंच होतं. चितरी दिवसातून एकदा उठायची, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन, पिऊन, भलीमोठी घाण वासाची शी करून, मातीत लोळून परत टोपलीत. अंडी फिरवायचं काम ती स्वतःच करते, त्यात हात घालायची गरज नसते. सातव्या रात्री, १ डिसेंबरला, मोबाइलचा टॉर्च लावून मुठीच्या भोकातून एकेक अंडं पाहिलं. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला. दोन अंडी नुसतीच पारदर्शक पिवळी, म्हणजे न फळलेली. ती काढून टाकली. पहिल्यांदा तो हलणारा ठिपका दिसला तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला.

याच दिवसांत लशीच्या मागे लागा. पिल्लं निघाल्यावर धावाधाव केली तर उशीर होतो. राणीखेत, म्हणजे गावात ज्याला मानमोडी म्हणतात, त्याची पहिली लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. मी ९ डिसेंबरला अर्धा दिवस रजा टाकून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. लस शिल्लक नव्हती, पुढच्या सोमवारी या म्हणाले. शिवाय अडचण अशी की एका कुपीत शंभर पक्ष्यांची मात्रा असते. ती एकदा पाण्यात मिसळली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. आठ-नऊ पिल्लांसाठी कुपी फोडायला डॉक्टर साहजिकच तयार नव्हते. “गावात अजून कोणाकडे पक्षी असतील तर यादी करून आणा,” असं त्यांनी सांगितलं. नाव, घर क्रमांक, मोठे पक्षी किती, पिल्लं किती, आणि खाली सह्या.

तो आठवडा मी संध्याकाळी कामावरून आल्यावर गावठाणातली घरं फिरले. सात घरांत मिळून सत्तरच्या वर पक्षी निघाले. इतकी वर्षं शेजारी राहून कोणाकडे काय आहे हे मला माहीत नव्हतं. १६ तारखेला यादी, अर्ज आणि आधारकार्डाची झेरॉक्स दिली. शुक्रवार, २० डिसेंबर ही तारीख मिळाली. थर्मास आणि बर्फ आपलाच न्यायचा.

मधल्या काळात पिल्लं निघाली होती. १४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या संध्याकाळी, टोपलीजवळ कान नेला तर चितरीच्या पोटाखालून बारीक चिवचिव ऐकू आली. ती अंड्याच्या आतून येत होती. चितरीही हलक्या आवाजात उत्तर देत होती. १५ ला पहाटे पहिलं कवच पडलं. कवचाला टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेवढा वेळ काहीही न करता बसणं फार कठीण गेलं. एका अंड्याला सकाळी भोक पडलेलं आणि दुपारपर्यंत पुढे काहीच नाही, तेव्हा मी दोनदा नखानं कवच काढायला निघाले आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी हात धरला. आतल्या पडद्याच्या शिरांतलं रक्त पिल्लाच्या अंगात जायचं असतं, पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. घाईनं सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. संध्याकाळी ते आपलं आपण बाहेर आलं.

१६ च्या सकाळपर्यंत आठ पिल्लं झाली. नववं अंडं १७ पर्यंत ठेवलं, मग फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसं, चोच, नखं सगळं. कशानं गेलं ते कळलं नाही. पेरूखाली पुरलं.

पहिल्या दिवशी पिल्लांनी काही खाल्लं नाही तर घाबरू नका. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज तग धरतात. पाणी मात्र लगेच ठेवा, उथळ ताटलीत, आणि ताटलीत गोट्या किंवा खडे टाका. पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. आई असली की दिव्याची, तापमानाची कसलीच काळजी नसते. बल्बखाली वाढवायची तर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जावं लागतं. इथे ते सगळं चितरीनं सांभाळलं.

खाण्याचा प्रश्न मला आधी लक्षातच आला नव्हता. मोठ्या कोंबड्यांना आम्ही अंड्यांवरच्या पक्ष्यांचं खाद्य द्यायचो. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. एकाच परसात दोन खाद्यं ठेवली तर कोण कुणाचं खाईल यावर ताबा राहत नाही. म्हणून सगळ्यांनाच पिल्लांचं स्टार्टर खाद्य सुरू केलं आणि मोठ्यांसाठी वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा ठेवला. आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी तिसऱ्या किंवा कालवं होतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे डिसेंबरात कमी झाली, तरी सासूबाईंनी आधीची शिंपलं धुऊन वाळवून पोत्यात भरून ठेवली होती. ती वरवंट्यानं फोडायची. अंडी घालणाऱ्या कोंबड्या हव्या तेवढ्या खातात, पिल्लं एकदोनदा चोच लावून सोडून देतात. सासूबाईंचा भर तांदळाच्या कणीवर होता. कणीनं पोट भरतं पण पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. शेवटी असं ठरलं की दिवसभर स्टार्टर आणि संध्याकाळी आत बोलावताना मूठभर कणी. “या या या” म्हटलं की पिल्लं धावत यायला लागली, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

परसात चार बाय सहा फुटांचा कोंडवाडा केला होता. कडेनं अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, वरून घारी आणि कावळ्यांसाठी मासेमारीचं जुनं जाळं. खाली जमीन तशीच ठेवली. ती माझी चूक. १९ डिसेंबरच्या रात्री घुशीनं भिंतीच्या पायथ्यातून बीळ काढून आत प्रवेश केला. चितरीच्या ओरडण्यानं आम्ही उठलो, टॉर्च घेऊन पोचेपर्यंत एक पिल्लू गेलेलं होतं. चितरीच्या छातीची पिसं उपटलेली होती. उरलेली सात तिच्या पंखाखाली होती आणि ती उभीच होती, सकाळपर्यंत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लस आणली. डॉक्टरांनी थेंब कसा टाकायचा ते दाखवलं होतं. पिल्लू मुठीत आडवं धरायचं, एक थेंब डोळ्यात, ते डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. यादीत आमच्या नावापुढे आठ लिहिली होती. मी सात म्हणून सही केली. त्या संध्याकाळी नवऱ्यानं जाळी जमिनीत फूटभर खोल पुरली आणि रात्रीची झोप खुराड्यात, फरशीवर करायचं ठरलं.

दहा-बारा दिवस पिल्लं आणि बाकीच्या कोंबड्या जाळीतून एकमेकांकडे बघत होत्या. सुरुवातीला थोरली गिरिराज जाळीवर चोच मारायची, मग कंटाळली. २९ डिसेंबरला, पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यावर, पहिल्यांदा दार उघडलं. वेळ संध्याकाळची निवडली. मोठ्यांची पोटं भरलेली असतात, अर्ध्या तासात अंधार पडून सगळ्या झोपायला जाणार असतात, त्यामुळे भांडण फार लांबत नाही. तरी एक झटापट झालीच. थोरलीनं एका पिल्लाच्या डोक्यात टोच मारली आणि चितरी, जी आकारानं तिच्या निम्मी, तिच्या अंगावर उडाली. मी काठी घेऊन उभी होते, ती वापरावी लागली नाही. कोंबड्याचं मला सगळ्यात जास्त भय होतं, पण त्यानं पिल्लांना काही केलं नाही. उलट एखादा किडा सापडला की टुकटुक करून त्यांना बोलवायचा आणि स्वतः मागे सरायचा.

जानेवारीचा पहिला आठवडा इतका छान गेला की मी ढिली पडले. पाण्याचं भांडं गळत होतं, खालचा भुसा ओला होत होता, मी रोज उद्यावर टाकलं. ८ जानेवारीला दोन पिल्लं पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसली. शीमध्ये रक्त होतं. रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. ओल्या, घाण भुशात हे जंतू वाढतात आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ते सगळ्यात जास्त गाठतात. मोठ्या कोंबड्यांच्या शीतून ते येतात, त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही. म्हणजे कळपात पिल्लं वाढवायची तर हा धोका धरूनच चालावं लागतं. डबीत शी घेऊन दवाखान्यात गेले. अँप्रोलियमची पूड लिहून दिली, पाच दिवस फक्त तेच पाणी. मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्या, पक्ष्यांच्या वयावर आणि पुडीच्या टक्केवारीवर ती बदलते. या दिवसांत ब जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, कारण हे औषध जंतूंना बी-१ मिळू न देता काम करतं. मी घरात होतं म्हणून द्यायला निघाले होते, डॉक्टरांनी अडवलं.

एक पिल्लू १० तारखेला गेलं. दुसरं वाचलं. सगळा भुसा उचलून पिशव्यांत भरला, फरशी खरवडून उन्हात वाळवली. मला त्या गळक्या भांड्याचं आजही वाईट वाटतं.

१३ जानेवारीला लासोटाचा दुसरा डोस झाला, त्याच सात घरांबरोबर. आणि त्यानंतर काही दिवसांतच उरणमधल्या चिरनेरला बर्ड फ्लू सापडल्याची बातमी आली. तिथल्या परसातल्याच कोंबड्या मेल्या होत्या. बाधित ठिकाणाच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी करतात. चिरनेर आमच्यापासून सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे आम्ही त्या वर्तुळाबाहेर. पण आकडा माहीत असून झोप येत नव्हती. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत असंच झालं होतं, तेव्हाच्या बातम्या आठवत होत्या. आणि आमचं गाव पाणथळीला लागून. टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेमागे हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, बगळे तर रोज परसावरून जातात. पाणपक्ष्यांच्या शीतून हा रोग कोंबड्यांत येऊ शकतो.

मी १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन केला. पक्षी अचानक मेले, तुरा निळा पडला, डोकी सुजली तर हात न लावता कळवा, असं सांगितलं. मग आम्ही घरातले नियम बदलले. खुराड्यात जायची चप्पल वेगळी. मासळीच्या जाळ्यावर आता ताडपत्री. दाणा-पाणी छपराखालीच. दुसऱ्या घरच्या कोंबड्या, अंड्याचे ट्रे, काही आत आणायचं नाही. नवरा रविवारी पाणथळीवर पक्षी बघायला जातो, ते महिनाभर बंद केलं. आमच्या भागात काही झालं नाही, पण ती चप्पल आजही वेगळी आहे.

या गडबडीत ३० जानेवारीला चितरीनं पिल्लांना सोडलं. मला वाटलं होतं हळूहळू होईल. आदल्या दिवसापर्यंत पंखाखाली घेणारी आई सकाळी दाणे टाकल्यावर स्वतःच्याच पिल्लांना टोचून हाकलू लागली. साडेसहा आठवडे झाले होते, तिचा तुरा लाल झाला होता, चार दिवसांत तिनं अंडं घातलं. हे असंच होतं. पण आईचं संरक्षण गेलं आणि त्याच दुपारी थोरली गिरिराज पिल्लांच्या मागे लागली. एकाच्या डोक्यावर रक्त आलं. रक्त दिसलं की बाकीच्याही टोचायला येतात, म्हणून ते पिल्लू लगेच बाजूला काढून हळद लावली आणि रक्त सुकेपर्यंत डालग्याखाली ठेवलं.

दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली, कोंडवाड्याच्या जाळीला जमिनीलगत तीन इंच रुंदीच्या दोन फटी ठेवल्या. पिल्लं त्यातून आतबाहेर करू शकत होती, मोठ्या नाही. त्यांचं खाणं-पाणी आत. पाठलाग झाला की ती फटीतून आत शिरायची आणि थोरली बाहेर उभी राहायची. दोन वेगळ्या फटी हव्यात, एकच असली तर तिच्यापुढेच कोंडी होते. दुसरी, थोरलीला चार दिवस वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, पिल्लांना नाही. चार दिवसांत बाकीच्यांनी आपापली जागा लावून घेतली होती. परत सोडल्यावर तिचं स्थान खाली गेलं होतं आणि तिला स्वतःचंच सांभाळायचं होतं. हा उपाय समोरच्या आळीतल्या काकांनी सांगितला. जखमी पिल्लाला वेगळं काढून महिनाभर ठेवलं असतं तर ते कायमचं परकं झालं असतं, असं ते म्हणाले, आणि मला सासूबाईंचं नोव्हेंबरातलं वाक्य आठवलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ आठवडे झाल्यावर, मानमोडीचं इंजेक्शन आणि कोंबड्यांच्या देवीची लस झाली. देवी डासांमुळे पसरते आणि खाडीकाठी डासांना तोटा नाही, म्हणून ती चुकवू नका.

राहिलं रात्रीचं झोपणं. मोठ्या कोंबड्या दांडीवर, पिल्लं खाली फरशीवर ढीग करून. नवऱ्यानं दांडी लांबवली, प्रत्येक पक्ष्याला आठ-दहा इंच जागा मिळेल इतकी. रोज अंधार पडल्यावर मी एकेक पिल्लू उचलून दांडीच्या टोकाला ठेवायचे. अंधारात कोंबड्या भांडत नाहीत, सकाळी उठल्यावर शेजारी कोण आहे ते बघतात आणि गप्प राहतात. नऊ रात्री हे केलं. २ मार्चला आत गेले तर फरशी रिकामी होती. सहाही दांडीवर, त्यातलं एक थोरल्या गिरिराजला टेकून.

खर्च विचाराल तर जाळी १,४५०, स्टार्टरची दोन पोती २,३०० (निम्मं मोठ्यांनीच खाल्लं), औषध १८०, दांडी आणि कड्या ३५०, रिक्षा दोनेकशे, केसपेपर आणि लशी मिळून शंभराच्या आत. शिवाय दोन अर्ध्या रजा. सहातले तीन कोंबडे निघाले. दोन नणंदेनं पेणला नेले, कारण पहाटे चार कोंबडे आरवले तर शेजारच्यांची झोप जाईल. एक ठेवलाय. तीन तलंगांपैकी (म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) तांबूस मानेची बहुतेक पावसाच्या सुरुवातीला अंड्यावर येईल.

आज ६ मे. काळी खुडूक झालीय. या उकाड्यात अंडी खराब होतात आणि पिल्लं निघतील तेव्हा पाऊस नि ओल सुरू झालेली असेल, म्हणून तिला बसवणार नाही. थोरलीसाठी आणलेला जाळीच्या तळाचा पिंजरा धुऊन ठेवलाय. पोटाखालून वारा लागला की तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. सासूबाई म्हणतात दिवाळीनंतर तिलाही बसवू, तोवर घुशीचं ते बीळ सिमेंटनं बुजवून घ्या.